स्टार सांगू नका, लेबल वाचून दाखवा : सांगली-मिरजेच्या एसी विक्रेत्यांना खुले पत्र

सांगली, मिरज आणि कुपवाडमधले एसी विकणारे सर्व दुकानदार मालक आणि काउंटरवर दिवसभर उभी असणारी मुलं-मुली,

सप्रेम नमस्कार.

मी एसीचा मेकॅनिक. तुम्ही विकता, आम्ही बसवतो, आणि पुढची सगळी वर्षं गिऱ्हाईक आमच्याच मोबाइलवर फोन करतं. मे महिन्याचं बिल हातात पडलं की फोन सुरू होतात. "अहो, फाइव्ह स्टार घेतला ना आपण? मग बिल एवढं कसं?" अशा वेळी दुकानाकडे बोट दाखवून मोकळं होणं सोपं असतं. पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांशी माझा रोजचा संबंध आहे, कामं तुमच्याकडूनच येतात आणि धंदा दोघांनाही करायचाय. म्हणून खासगीत कुरकुर करण्यापेक्षा उघड लिहितोय.

मागणं साधं आहे. गिऱ्हाइकाला नुसते स्टार मोजून दाखवू नका, स्टारखालचं लेबल वाचून दाखवा. आणि घरात एसी किती तास चालणार हे विचारल्याशिवाय "हाच घ्या" म्हणू नका.

हल्ली काउंटरवर काय चालतं ते आपण दोघंही जाणतो. पाडव्याच्या आसपास गर्दी असते. काका-काकू येतात, चार मॉडेलं बघतात आणि विचारतात, "थ्री घेऊ का फाइव्ह?" पोरगं म्हणतं, "फाइव्हच घ्या काका, बिल अगदी नावाला येतं." झालं, पुढची सगळी चर्चा हप्त्याची आणि स्टॅबिलायझर फुकट मिळणार का याची. एसीच्या अंगावर सरकारने चिकटवायला लावलेलं लेबल कुणी वाचत नाही. बसवताना ते आम्हीच सोलून काढतो आणि खोक्यात टाकतो.

त्या लेबलावर काय काय असतं ते एकदा नीट पाहा. स्टार वर असतात. त्यांच्याखाली आयएसईईआर नावाचा एक आकडा, 3.95 किंवा 5.10 असा. मग वर्षाची अंदाजे युनिटं, मशीनची थंड करण्याची ताकद वॅटमध्ये, पूर्ण क्षमतेची वेगळी आणि निम्म्या क्षमतेची वेगळी. आणि ज्याकडे कुणीच बघत नाही ती गोष्ट म्हणजे लेबलाचा कालावधी, कधीपासून कधीपर्यंत.

कालावधीपासूनच सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते, आणि ती तुम्ही मुद्दाम करता असं मी म्हणत नाही. स्टार देणारी संस्था म्हणजे केंद्र सरकारची बीईई, ऊर्जा दक्षता ब्युरो. 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्यातून 2002 साली ती उभी राहिली. 2006 ला लेबलं आली आणि 2010 पासून घरगुती एसीला ती सक्तीची झाली. तेव्हापासून दर काही वर्षांनी स्टारचे निकष वर सरकतात. 2018 च्या तक्त्यात स्प्लिट एसीला पाच स्टार मिळवायला आयएसईईआर 4.50 पुरत होता. जुलै 2022 पासून त्यासाठी 5.00 लागायला लागला. म्हणजे 4.60 चं एकच मशीन जून 2022 पर्यंत पाच स्टार आणि जुलैत चार स्टार! मशीन तेच, वीजही तेवढीच खाणार. जानेवारी 2026 पासून हा तक्ता पुन्हा कडक झाला आहे.

आता दुकानात एखादं खोकं गोडाऊनच्या कोपऱ्यात वर्ष-दीड वर्ष पडून असतं. त्याच्यावरचे पाच स्टार जुन्या तक्त्याचे. शेजारच्या नव्या मालावर चार स्टार दिसतात. गिऱ्हाईक साहजिकच पाचवाला उचलतं आणि वर घासाघीस करून घेतल्याच्या आनंदात घरी जातं. जुना माल विकू नका असं मी कसं सांगू? तुमचंही भांडवल अडकलेलं असतं. विका, पण "हे पाच स्टार मागच्या तक्त्याचे आहेत, आजच्या हिशोबाने चार, म्हणून एवढे पैसे कमी लावतो" असं तोंडाने सांगून विका. आयएसईईआरचा आकडा समोर धरला की तक्ता कुठलाही असो, भांडण मिटतं. स्टार बदलतात, तो आकडा बदलत नाही.

आणि तो आकडा समजावणं अवघड आहे असंही नाही. मोटारसायकलचं ॲव्हरेज असतं तसंच हे. एका युनिट विजेत मशीनने खोलीतली किती युनिट उष्णता बाहेर फेकली, एवढंच तो सांगतो. आयएसईईआर 5 म्हणजे एक खाऊन पाच बाहेर. हा काही एका दुपारचा आकडा नाही. बाहेर 24 पासून 43 अंशांपर्यंत वेगवेगळी हवा असताना मशीन कसं वागेल याचा हिशोब, आपल्या देशाच्या हवामानात कुठलं तापमान किती तास असतं ते धरून, वर्षाच्या 1600 तासांवर मांडलेला असतो.

1600 तास. माझं सगळं रडगाणं खरं तर इथेच आहे.

लेबलावरची युनिटं 1600 तासांची आहेत. आता मला सांगा, आपल्या सांगलीत साध्या नोकरदाराच्या घरी एसी किती तास चालतो? मार्च सरता सरता सुरू होतो, एप्रिल-मे रोज रात्री, आणि वळवाचे दोन पाऊस चांगले पडले की पंख्यावर भागतं. पावसाळ्यात तर कृष्णेचं पाणी किती फुटांवर गेलं याची चिंता, एसीची आठवण कुणाला? पंचाहत्तर रात्री आणि रात्रीचे आठ तास धरा. सहाशे तास झाले. लेबलाच्या निम्मेसुद्धा नाहीत.

हिशोब करू. दीड टनाची दोन मशीनं घ्या, ताकद दोन्हीची सारखी, पाच हजार वॅटच्या आसपास. एकाचा आयएसईईआर 3.95, लेबलावर वर्षाला 960 च्या घरात युनिटं. दुसऱ्याचा 5, लेबलावर 760. फरक दोनशे युनिटांचा, तोही 1600 तासांत. म्हणजे तासाला एक अष्टमांश युनिट, आठ तासांच्या रात्रीला एक युनिट. रात्रीला एक युनिट, हे तुमच्या काउंटरवरच्या पोरांनी पाठच करून ठेवावं.

पंचाहत्तर रात्रींची पंचाहत्तर युनिटं. युनिटला सगळं मिळून बारा रुपये धरले तरी वर्षाला नऊशे रुपये वाचतात. दोन मशीनांच्या किमतीत समजा सहा हजारांचा फरक आहे. ते पैसे फिटायला जवळजवळ सात वर्षं. तोवर एकदा गॅस भरून झालेला असेल, कदाचित पीसीबी, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक कार्डही गेलेलं असेल, आणि त्याचा खर्च वेगळा. त्या माणसाला कमी स्टारचाच एसी द्या. वाचलेल्या पैशातून थोडे घालून त्याने गच्चीला चुना मारला, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला, तर फायदा जास्त.

आता हाच हिशोब मिरजेत करा. तिथे चौकाचौकात दवाखाने. डॉक्टरांच्या ओपीडीत एसी सकाळी लागतो तो रात्री बंद होतो, दिवसाचे दहा तास, वर्षाचे तीनशे दिवस. तीन हजार तास. फरक पावणेचारशे युनिटांचा, त्याच बारा रुपयांनी साडेचार हजार. सहा हजार साधारण सोळा महिन्यांत वसूल आणि पुढची सगळी कमाई. तिथे कमी स्टारचा एसी विकणं म्हणजे गिऱ्हाइकाचं नुकसान करणं. मोबाइलची दुकानं, एटीएम, पॅथॉलॉजी लॅब, दिवसभर झोपून असलेला पेशंट घरात आहे अशी कुटुंबं, या सगळ्यांना पाच स्टार डोळे झाकून द्या.

पण प्रत्यक्षात मी काय बघतो? उलटंच! दवाखान्यात घासाघीस करून घेतलेला स्वस्तातला एसी, आणि वर्षातून दोन महिने राहणाऱ्या पाहुण्यांच्या खोलीत पाच स्टारचा, प्लास्टिकसुद्धा न काढलेला. पैसे असणारा महाग घेतो, धंदेवाला स्वस्त बघतो. तास कुणी विचारलेले नसतात.

हे आकडे ढोबळ आहेत, मला ठाऊक आहे. रात्री बाहेर गार असेल तर फरक कमी पडेल, दुपारी ऊन असेल तर वाढेल. पण "बिल नावाला येतं" यापेक्षा ढोबळ आकडा शंभर पटीने बरा.

बिलाबद्दल एक गैरसमज मात्र तुम्हीच काउंटरवर दूर करू शकता. महावितरणचे घरगुती टप्पे शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांचे. "तीनशेच्या वर गेलं की सगळंच बिल महाग लागतं" असं निम्मी सांगली समजते. तसं नाही. वरच्या टप्प्याचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, पहिली शंभर स्वस्तच राहतात. पण एसीची युनिटं नेहमी ढिगाच्या वरच येऊन पडतात ना! घरचा नेहमीचा वापर पावणेदोनशेचा असेल तर एसीचं पहिलं युनिटच मधल्या टप्प्यात सुरू होतं आणि मेमध्ये तीनशे ओलांडतं. तिथला दर पहिल्या टप्प्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून गिऱ्हाइकाला विचारा, मागचं बिल किती युनिटांचं होतं? बिल बहुतेकांच्या मोबाइलमध्येच असतं. ज्यांचा नेहमीचा वापरच तीनशेच्या पुढे आहे त्यांच्यासाठी वाचणारं प्रत्येक युनिट महाग आहे, त्यांचा हिशोब पाच स्टारकडे झुकतो.

टनाचंही तेच. टन हे बर्फाच्या जमान्यातलं माप, चोवीस तासांत एक टन बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी खेचण्याची ताकद. वॅटमध्ये साडेतीन हजारांच्या जरा वर. म्हणजे दीड टन म्हटलं की सव्वापाच हजार वॅट यायला पाहिजेत. लेबलं तपासा, दीड टन म्हणून विकली जाणारी कितीतरी मशीनं पावणेपाच हजार, पाच हजार अशी आहेत. लेबलावर सगळं छापलेलं आहे, लपवलेलं काही नाही. पण कमी वॅटच्या मशीनची वर्षाची युनिटंही कमी दिसतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं हे जास्त काटकसरी. तेव्हा नुसती युनिटं शेजारी शेजारी ठेवू नका. आधी वॅट जुळवा, मग आयएसईईआर बघा.

वरच्या मजल्यावरची, तिन्ही बाजूंनी उन्हात भाजणारी खोली असेल तर हे फार महत्त्वाचं. इन्व्हर्टर एसीचा सगळा फायदा तो अर्ध्या ताकदीवर हळू चालतो तेव्हा असतो. खोलीला मशीन लहान पडलं की ते रात्रभर पूर्ण दमात धावतं, आणि मग पाच स्टार काय नि तीन स्टार काय, फरक बारीक होत जातो. लहान पाच स्टारपेक्षा पुरेशा ताकदीचा तीन स्टार त्या खोलीत बरा, असं मी तरी सांगतो. दुसऱ्या मेकॅनिकचं मत वेगळं असेल.

डेमोच्या वेळी रिमोट सोळावर नेऊन दाखवायचं बंद करा, एवढी एक हात जोडून विनंती. दुकानात बोचरी हवा अंगावर आली की गिऱ्हाईक खूश होतं, मान्य. पण ते घरी जाऊनही सोळावरच लावतं, कारण दुकानात तसंच पाहिलेलं असतं. खोली चौतीस अंशांवर तापलेली असताना सोळा लावा की चोवीस, मशीन सुरुवातीला दोन्हीकडे जोरातच चालतं. फरक एवढाच की चोवीसवाला तिथे पोचून दम खातो, सोळावाला पहाटेपर्यंत धापा टाकतो. जानेवारी 2020 पासून स्टार लेबलचे एसी सुरू होतानाच चोवीसवर यावेत असा नियम केलाय तो उगाच नाही. एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असं बीईईच सांगते. सोळाचे चोवीस केले तर किती वाचेल, तीन आणि पाच स्टारमधला फरक त्यापुढे काय उरतो, हे गिऱ्हाइकालाच मोजायला सांगा. सव्वीस आणि छताचा पंखा एक नंबरवर, माझ्या घरी तरी असंच असतं.

"कन्व्हर्टिबल" म्हणून जे विकता त्यातही थोडं खरं बोला. चाळीस टक्क्यांच्या मोडवर ठेवलं की मशीनची ताकद चाळीस टक्क्यांवर बांधली जाते, म्हणून वीज कमी. थंडावाही तेवढाच. एकट्या माणसाला रात्री तो पुरतो, पाहुणे भरलेल्या हॉलला नाही.

आता आमच्या जमातीबद्दलही बोलतो, नाहीतर म्हणाल मेकॅनिक फक्त दुकानदारांना शिकवतो. लेबलावरचे आकडे प्रयोगशाळेतले आहेत. तिथे पाइप मापात, फिल्टर स्वच्छ, आउटडोअरला मोकळी हवा. आपल्याकडे आउटडोअर लावतात कुठे? दोन बिल्डिंगांच्या मधल्या बोळात, जाळीच्या आत, किंवा शेजाऱ्याच्या आउटडोअरच्या तोंडासमोर. स्वतःचीच गरम हवा परत ओढत बसतो तो. असा पाच स्टार तीनच्या लायकीचाही राहत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा खालची कितीतरी आउटडोअर पाण्याखाली गेली. तेव्हापासून नदीकडच्या भागात लोक ती वरच्या मजल्यावर चढवून मागतात. शहाणपणाचं आहे. पण पाइप लांबला की गॅस मोजून वाढवावा लागतो आणि थोडी क्षमता जाते, हे विकतानाच सांगायला हवं.

आणि फिटिंग. तुमच्याकडून "फ्री इन्स्टॉलेशन" म्हणून जी पोरं येतात त्यांना दिवसाला इतकी कामं दिलेली असतात की व्हॅक्यूम पंप गाडीतून खालीच उतरत नाही. पाइपातली हवा आणि दमट वाफ पंपाने ओढून काढायची असते, त्याला वेळ लागतो. ही मंडळी मशीनमधलाच थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलतात आणि पुढच्या पत्त्यावर पळतात. नव्या मशीनांत आर-32 असतो, तो पेट घेऊ शकणारा गॅस आहे, त्याच्याशी असले खेळ बरे नव्हेत. वर्षभराने मी जातो तेव्हा आउटडोअरच्या पितळी नटाभोवती तेलाचा काळपट ओला डाग असतो, त्यावर धूळ बसून लेप झालेला. तो दिसला की गॅसचा दाब मोजायच्या आधीच कळतं, फ्लेअर, म्हणजे पाइपाचं नटात बसणारं पसरट तोंड, नीट बसलेलं नाही आणि गॅस निम्म्यावर आलाय. कॉम्प्रेसर रात्रभर फिरतो, खोली गार होत नाही आणि विजेचं मीटर मात्र पळतं.

मार्केट यार्डाच्या बाजूला एका व्यापाऱ्याच्या ऑफिसातला एसी उघडला तर फिल्टर पिवळाधमक. हळदीची पूड! जाळी बोटाने पुसली तर बोट पिवळं, आतली कॉइलही पिवळी, हवा जायला भोकच नाही. मशीन पाच स्टार होतं. मालक म्हणाले, "फिल्टर काढता येतो होय?" त्यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. विकताना दोन मिनिटं काढून पुढचं झाकण उघडून दाखवलं असतं, "ही जाळी पंधरा दिवसांनी नळाखाली धरा" म्हटलं असतं, तर माझं एक काम कमी झालं असतं. चालेल मला.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं समजावत बसलो तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल. जाईल एखादं. पण बिलावरून तुमच्या नावाने शिव्या घालणारं गिऱ्हाईक पुढच्या वेळी फ्रीज घ्यायला तुमच्याकडे येत नाही, हेही तुम्हाला माहीत आहे. आणि सगळं तोंडाने सांगायची गरज नाही. प्रत्येक एसीसमोर एक पुठ्ठा लावा. त्यावर मोठ्या अक्षरात आयएसईईआर, खरे वॅट, लेबलाची तारीख, आणि 1600 ऐवजी सहाशे तासांची युनिटं. मराठीत. एक मार्कर आणि एक दुपार लागेल. लेबल खरं आहे का याची शंका आली तर बीईईचं मोबाइल ॲप आहे, त्यात मॉडेल नंबर टाकून गिऱ्हाइकासमोरच तपासा. लेबलात घोळ दिसला तर राज्यात हे काम बघायला पुण्याची महाऊर्जा आहे, तिथे कळवा. कंपनीच्या माणसाला फोन करून गप्प बसू नका.

काउंटरवरच्या मुलांना लेबल वाचायला शिकवायचं असेल तर मला बोलवा, तासाभराचं काम आहे. पैसे नकोत, चहा चालेल. फक्त संक्रांतीनंतर लगेच बोलवा. पाडवा आला की माझा फोन माझ्याच बायकोला लागत नाही.

आपला,
सांगलीतला एक एसी मेकॅनिक